सेंटर फॉरवर्ड महाजन, सीझन छप्पन

सोमवार, ४ जून १९५६. सकाळी ६.
नवी वही. पहिल्या पानावर नाव घातलं: चुडामण दगा महाजन, सेंटर फॉरवर्ड, बुऱ्हाणपूर. वय एकतीस. फुटबॉल असोसिएशनच्या फॉर्मवर सव्वीस.

आजपासून रोज पहाटे पाचला उठणे. नदीवरच्या राजघाटापर्यंत पळत जाणे, पळत येणे. चहा बंद. विडी बंद (ओढत नाही, तरी बंद). रोज बारा केळी आणि शेरभर दूध. या सीझनला वीस गोल. मग नागपूरला प्रांताच्या टीममध्ये सिलेक्शन, मग कलकत्ता. कलकत्त्याच्या पुढचं आत्ताच लिहीत नाही, दृष्ट लागते.

मागच्या सीझनचे गोल तीन. मिलचे गजाननराव दोन धरतात, कारण एक बॉल माझ्या पाठीला लागून आत गेला. पाठ माझीच होती.

पाचला उठायचं असून सहा वाजले ते वही शोधण्यात.

मंगळवार, ५ जून.
राजघाटापर्यंत पळालो. येताना टांगा मिळाला.

गुरुवार, ७ जून.
बारा केळी एका दिवसात खाऊ नयेत. आज मिलला रजा.

सोमवार, ११ जून.
गजाननरावांनी बोलावलं. विणाई खात्याचे मास्तर आणि आमचे स्पोर्ट्स सेक्रेटरी, दोन्ही तेच. म्हणाले, महाजन, तुम्हाला टाइम ऑफिसात हजेरी-कारकून म्हणून घेतलंय ते कशासाठी, ठाऊक आहे ना? मी म्हणालो, गोलसाठी. ते म्हणाले, मग एक तरी काम करा. हजेरी नाहीतर गोल.

विनोदी माणूस आहे. पण मुद्दा बरोबर. गोल करण्याचा पगार घेतो तो प्रोफेशनल. बुऱ्हाणपुरात असा मी एकटा. हे कोकिळेला सांगितलं. ती म्हणाली, प्रोफेशनल, जरा उठा, तुमच्या खालची चटई झाडायची आहे.

बायकोला खेळातलं कळावं अशी अपेक्षा नाही.

शनिवार, २३ जून.
या सीझनपासून असोसिएशनने बूट सक्तीचे केले. मी जन्मभर अनवाणी खेळलो, घोट्याला पट्टी बांधून. पण विलायतेत बूट घालतात, आणि मी पुढेमागे विलायतेत जाणारच, तेव्हा सवय बरी. लोटूकडे गेलो. चपला-जोडे तो उत्तम करतो, फुटबॉलचे बूट त्याने पाहिलेले नाहीत. त्याने एकच सवाल केला, कोणत्या पायाने मारता? मी म्हणालो, उजव्या. तो म्हणाला, समज गया.

लोटूसारखी समज निवडसमितीत हवी होती.

रविवार, १ जुलै.
बूट आले. लोटूने उजव्या बुटाच्या पुढे चार थर जादा चामडं घातलंय. म्हणाला, महाजनभाऊ, इसमें ताकद भर दी. चालताना मी आपोआप डावीकडे वळतो. सवय होईल.

रविवार, ८ जुलै.
पहिली मॅच. हरलो, शून्य-एक. माझे तीन शॉट. पहिला बारवरून, दुसरा बारवरून. तिसरा मैदानाबाहेर उभ्या असलेल्या चुनेवाल्याच्या बैलगाडीत. ताकदीबद्दल कुणाला शंका उरलेली नाही.

दापोऱ्याचा एक गडी टीममध्ये घेतलाय. निंबा नाव. वय बावीस. केळीच्या बागेत घड वाहायचा, आता ब्लीचिंग खात्यात बदली कामगार. बूट पहिल्यांदाच घातले, तेही कुणाचे तरी उसने, एक नंबर मोठे, आत चिंध्या कोंबून. धावतो बरा. पण फुटबॉल नुसतं धावण्याचा खेळ नाही हे त्याला मी सांगितलं. तो म्हणाला, हो दादा. विनयशील आहे. शिकवीन.

रविवार, १५ जुलै.
जिंकलो, तीन-शून्य. तिन्ही गोल निंबाचे. पहिला माझ्या पासवर. दुसऱ्यावेळी मी बॉल सोडून दिला म्हणून त्याला मिळाला. तिसऱ्यावेळी मी पडलो होतो आणि दोन बॅक माझ्यावर अडखळले. म्हणजे तिन्हीत माझा हात. पेपरात सविस्तर येत नाही, हेच दुर्दैव.

बुधवार, १८ जुलै.
निंबाला शॉट कसा मारायचा ते दाखवायला अर्धा तास थांबलो. दाखवताना बॉल कुंपणापलीकडे गेला. तो आणायला निंबाच गेला. शिकणारा माणूस असाच असावा.

रविवार, २९ जुलै.
गजाननरावांनी मला लेफ्ट आऊटला टाकलं. सेंटर फॉरवर्डला निंबा. म्हणाले, तात्पुरतं. ते 'तात्पुरतं' म्हणाले तेव्हा माझ्याकडे न पाहता खिडकीकडे पाहत होते. त्यांनाही वाईट वाटलं असणार.

लेफ्ट आऊटचे फायदे: सावली. मैदानाच्या त्या बाजूला चिंच आहे.

मंगळवार, ७ ऑगस्ट.
मोठी बातमी! पंधरा ऑगस्टच्या मॅचला नागपूरहून सिलेक्टर येणार. विनायकराव नावाचे. मॅच खंडव्याच्या टीमशी. कोकिळेला सांगितलं, तयारीला लाग, मी बहुतेक नागपूरला जाणार. ती म्हणाली, तयारी म्हणजे काय करू? मी म्हणालो, मोजे धू.

मंगळवार, १४ ऑगस्ट.
टीमचा कागद इंग्रजीत लिहून सिलेक्टरला द्यायचा असतो. अक्षर माझं चांगलं म्हणून तो मीच लिहितो. सेंटर फॉरवर्डसमोर माझंच नाव घातलं. कारण साधं आहे. उद्या मी कुठे उभा राहणार हा एका दिवसाचा प्रश्न. मी कोण आहे हा कायमचा. लेफ्ट आऊटसमोर निंबाचं नाव. गजाननरावांनी न वाचता सही केली. साहेब लोकांचं असंच असतं.

बुधवार, १५ ऑगस्ट. संध्याकाळी ७.
जिंकलो, दोन-एक. दोन्ही गोल निंबाचे. माझ्याकडे बॉल फारसा आला नाही. एकदा मात्र आला. समोर गोल रिकामा, गोली पडलेला. त्याक्षणी मनात आलं की सिलेक्टर बघतायत ना. म्हणून खुर्च्यांकडे पाहिलं. बघत होते. मी परत खाली पाहिलं तेव्हा बॉल गेलेला होता. पण बघत होते, हे नक्की.

मॅचनंतर विनायकराव माझ्यापाशी आपणहून आले आणि चांगली दहा मिनिटं बोलले. इथली माव्याची जिलेबी सगळ्यात चांगली कुठे मिळते, तूप शुद्ध असतं का, नागपूरपर्यंत टिकेल का. मी त्यांना दुकानापर्यंत घेऊन गेलो. सिलेक्टर खेळाडूशी खेळाविषयी कधी बोलत नाहीत, आधीच कळू नये म्हणून. दुकानात शिरताना त्यांनी मागून येणाऱ्या निंबालाही हाक मारून आत बोलावलं. मला म्हणाले, तुम्ही या आता, आभारी आहे. मोठ्या माणसाला सगळ्यांशी थोडं थोडं बोलावं लागतं.

रविवार, २ सप्टेंबर.
हरलो. माझ्या गुडघ्यात पाणी झालंय असं कंपाउंडर म्हणाला. कोकिळा म्हणाली, फॉर्मवर सव्वीस लिहिलं ते गुडघ्याला वाचून दाखवा. मी गुडघा शेकून घेतला. शेक तिनेच दिला.

सीझनचे गोल आत्तापर्यंत शून्य. पण सीझन संपलेला नाही.

रविवार, २३ सप्टेंबर.
सीझन संपला.

सोमवार, ८ ऑक्टोबर. दुपारी १२.
पत्र आलं!!

मिलचं टपाल टाइम ऑफिसात येतं. असोसिएशनचं पाकीट, वर टाइप केलेलं: श्री. सी. डी. महाजन. आतला इंग्रजी मजकूर मराठीत उतरवून ठेवतो: पंधरा ऑगस्टला सेंटर फॉरवर्डच्या जागेवरून दोन्ही गोल करणाऱ्या आपल्या खेळाने प्रभावित होऊन आपणांस शनिवार, सत्तावीस ऑक्टोबरला नागपूर येथे प्रांताच्या निवडचाचणीसाठी बोलावण्यात येत आहे.

'दोन्ही गोल करणाऱ्या' ही टाइपिस्टची चूक आहे. बाकी पत्र बरोबर आहे.

त्याच दिवशी, दुपारी ४.
पत्र पुन्हा वाचलं. नाव माझंच आहे. स्पेलिंगसुद्धा बरोबर.

मंगळवार, ९ ऑक्टोबर.
पेढे वाटले. गजाननरावांनी पत्र मागितलं नाही, नुसतं विचारलं, तुम्हाला? नक्की तुम्हाला? मी पाकीट लांबून दाखवलं. ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, जाऊन या.

निंबालाही पेढा दिला. त्याने पेढा हातात धरून ठेवला. म्हणाला, दादा, मलेबी काही पत्र आलं का? मी म्हणालो, नाही. हे खरं आहे. त्याच्या नावाचं काहीही आलेलं नाही, सगळं टपाल माझ्याच हाताखालून जातं.

रात्रीचं जेवण गेलं नाही. पेढे जास्त झाले.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर. भुसावळ स्टेशन.
बुऱ्हाणपूर स्टेशनवर निरोप द्यायला दहा-बारा जण आले होते. खात्यातल्या लोकांनी हार घातला. निंबा होता. त्यानेच ट्रंक डब्यात ठेवली आणि खिडकीपाशी उभा राहिला. काही बोलेल असं वाटलं. त्याने नुसता हात वर केला.

मनात आलं होतं की त्याला सांगावं. पण गाडी सुटली. गाडी कुणासाठी थांबत नाही. (मी डब्यात बसल्यापासून सुटेपर्यंत अकरा मिनिटं थांबली होती.)

कोकिळेने दशम्या आणि शेंगांची चटणी दिली. दशम्या बांधताना म्हणाली, दोन गोल तुम्ही कधी केले हो? तिने पत्र वाचलेलं दिसतं. तिला इंग्रजी येत नाही असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

शनिवार, २७ ऑक्टोबर. नागपूर, दुपारी २.
लिहायला जागा आहे. भरपूर. असोसिएशनच्या कचेरीच्या पायरीवर बसलोय.

कचेरीत सगळीकडे कागदांची गाठोडी. एक कारकून गाठोड्यांवर चिठ्ठ्या लावत होता, 'भोपाळ', 'मुंबई', 'भोपाळ'. मी चाचणीचं विचारलं. त्याने विचारलं, कुठले? मी म्हणालो, बुऱ्हाणपूर. तो म्हणाला, मग तुम्ही भोपाळच्या ढिगात. गुरुवारपासून नागपूर मुंबई राज्यात जातंय, तुम्ही नव्या मध्य प्रदेशात, राजधानी भोपाळ. इथली चाचणी फक्त इथल्या पोरांची. तुम्हाला रद्द झाल्याचं पत्र गेलं असेल. कालच टाकलं.

मी म्हणालो, मला विनायकरावांना भेटायचंय, ते मला ओळखतात. त्यांनी आतून पाहिलं आणि खरंच ओळखलं. म्हणाले, अरे, जिलेबीवाले! तुम्ही इकडे कसे?

मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, मग मला पाहिलं, मग बुटांना पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, तो पोरगा कुठंय? ज्याने गोल मारले तो? मी तर त्याला दुकानात सांगून आलो होतो की तुला बोलावणार म्हणून.

मी म्हणालो, टाइपिंगची चूक झाली असावी.

ते म्हणाले, असेल. आमच्या कागदात नाव तुमचं होतं. कागद कुणी लिहिला होता?

त्यावर मी पाणी मागितलं. पाणी दिलं. माणूस चांगला आहे. जाताना म्हणाले, आज तो आला असता तरी मला काही करता आलं नसतं, तुमचा जिल्हा माझ्या हातातून गेला. पण निदान मी त्याला नव्या राज्याची टीम निवडणाऱ्या इंदूरच्या माणसासाठी चिठ्ठी दिली असती. मग दार लावून घेतलं.

चाचणी मात्र पाहिली, कुंपणाबाहेरून. पोरं बरी खेळतात. मी असतो तर वेगळंच झालं असतं.

सोमवार, २९ ऑक्टोबर.
परत आलो. सगळ्यांना सांगितलं की राज्यं बदलल्यामुळे चाचणी रद्द झाली. हे शंभर टक्के खरं आहे. सरकारच मध्ये आलं तर खेळाडू काय करणार? सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. निंबा म्हणाला, बुरा हुआ दादा. त्याने हे माझ्यासाठी म्हटलं.



गुरुवार, १ नोव्हेंबर.
नवं राज्य. मिलच्या फाटकावर झेंडा, लाडू, भाषण. भाषण हिंदीत झालं. मी मनाने अजून नागपूरच्या पायरीवरच होतो, टाळ्या उशिरा वाजवल्या.

लाडू खाताना गजाननराव म्हणाले, महाजन, हजेरीला आता नवा माणूस घेतोय. तुम्ही सोमवारपासून फोल्डिंग खात्यात, कापडाच्या घड्या. मी विचारलं, तात्पुरतं ना? ते पुन्हा खिडकीकडे पाहायला लागले. आम्ही उघड्यावर होतो, खिडकी नव्हती.

मंगळवार, ६ नोव्हेंबर.
फोल्डिंग खातं. पाय दुखत नाहीत, हात दुखतात. शरीराला सर्व बाजूंनी व्यायाम हवाच.

सोमवार, १२ नोव्हेंबर.
इंदूरहून नव्या असोसिएशनचा फॉर्म आलाय. रविवारी, अठराला, नव्या राज्याच्या टीमची चाचणी. बुऱ्हाणपुरातून एकच नाव. गजाननरावांनी मला फोल्डिंगमधून बोलावून घेतलं, अक्षरासाठी. फॉर्म पुढे सरकवून म्हणाले, नाव तुम्हीच लिहा, तुम्ही सीनियर आहात. कुणाचं ते बोलले नाहीत. चहा प्यायला निघून गेले. चहाला त्यांना पाऊण तास लागला. एवढा वेळ लागण्यासारखा चहा आमच्या कँटीनला नाही.

मी टाक बुडवला. माझंच नाव लिहिणार होतो. अनुभव, सीनियॉरिटी, सगळं माझ्या बाजूला. पण गुडघा टेबलाखाली ठणकायला लागला, आणि हाताखाली कोरी ओळ होती, आणि नागपुरात ते जे म्हणाले होते, 'तो पोरगा कुठंय', ते कानात बसलं होतं. जागेसमोर 'सेंटर फॉरवर्ड' लिहिलं. नावासमोर निंबाचं नाव लिहिलं. वय बावीस. खरं वय.

याचा काही विशेष अर्थ नाही. इंदूरला थंडी फार असते, माझ्या गुडघ्याला मानवत नाही.

घरी कोकिळेला सांगितलं. तिने चहात आलं जास्त घातलं.

बुधवार, २८ नोव्हेंबर.
निंबाचं सिलेक्शन झालं. चाचणीत चार गोल. पेपरात नाव आलंय, 'निम्बा, बुरहानपुर'. फोल्डिंगच्या लोकांनी मला खांद्यावर घ्यायचा विचार केला, मीच शोधून काढलेला गडी म्हणून. मग शिफ्टचा भोंगा झाला.

शनिवार, ८ डिसेंबर.
उद्या निंबा इंदूरच्या कँपला जातोय, तिथून टीम पुढे जाईल. स्टेशनवर भाषण मी करणार. सीनियर म्हणून. दोन पानं लिहून काढली. पहिलं पान माझ्या कारकीर्दीवर, म्हणजे लोकांना पार्श्वभूमी कळेल. दुसऱ्या पानावर निंबा येतो, मध्यावर.

रविवार, ९ डिसेंबर. असीरगड रोड स्टेशन, दुपारी ३.
वही घरी राहिली. भाषणाच्या कागदांच्या पाठीमागे लिहितोय. घरी गेल्यावर चिकटवीन.

स्टेशनवर शे-सव्वाशे माणूस. दापोऱ्याहून दोन बैलगाड्या भरून लोक आले होते. निंबाची आई मालूबाई हिने पोराला सोडून स्टेशनमास्तरालाच कुंकू लावलं. मी भाषणाला उभा राहिलो, खाकरलो, 'बंधू आणि भगिनींनो' म्हणालो, तेवढ्यात गाडी आली. एकच धांदल. गजाननरावांनी माझ्या हातात निंबाच्या अंथरुणाचा होल्डॉल कोंबला, म्हणाले, महाजन, आत ठेवा पटकन. मी आत शिरलो. होल्डॉल वरच्या फळीवर बसेना. बसवेपर्यंत फलाट हलायला लागला. म्हणजे गाडी हलायला लागली. दारात हारांसकट माणसं लोंबकळत होती, उतरायला वाट नव्हती.

मग निंबा आणि मी समोरासमोर. त्याने गळ्यातले हार काढून मांडीवर ठेवले होते आणि झेंडूच्या पाकळ्या एकेक करून बाजूला काढत होता. मी म्हणालो, निंबा, ते नागपूरचं पत्र. पुढचं वाक्य तयार होतं, टाइपिंगच्या चुकीचं. ते आलं नाही. म्हणालो, ते तुझं होतं. टीमच्या कागदावर मी जागा उलटसुलट लिहिल्या. मुद्दाम लिहिल्या.

तो खाली बघत म्हणाला, मले मालूम व्हतं, दादा. त्या साहेबानं दुकानात सांगितलं व्हतं, पत्र भेजतो म्हणून.

मी विचारलं, मग त्या दिवशी स्टेशनवर बोलला का नाहीस? शंभर माणसांसमोर माझी लाज काढायची होतीस.

तो म्हणाला, शंभर कुठं, दहाच व्हते. मग आणखी एक पाकळी बाजूला काढली. म्हणाला, राग तर आला व्हता. लई आला व्हता. ट्रंक खालीच टाकून द्यावी वाटलं. पन तुमच्या गळ्यात हार व्हता, न तुम्ही असे हसत व्हते. तसे मॅचमध्ये कधी हसले नाहीत. मंग कसं बोलू?

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर केळी, केळी, मग कापूस, मग टेकड्या. गजाननराव खिडकीकडे का बघतात ते आज समजलं. तिथे कुणी आपल्याकडे बघत नसतं.

निंबाने विचारलं, इंदूरला आपल्याला कोण ओळखीन? मी म्हणालो, तू पहिल्यांदा बॉल मारशील तेव्हा सगळे. हे मी आजवर कुणाला म्हटलेलं एकमेव वाक्य, ज्यात मी नव्हतो. पहिल्याने जरा ओकंबोकं वाटलं.

असीरगड रोडला गाडी मिनिटभर थांबली. उतरलो. तो दारात उभा राहून पाया पडायला वाकला, मी म्हटलं, अरे पडशील, आत हो. गाडी गेली. फलाटावर मी आणि एक कुत्रं.

तिकीट नव्हतंच. टीसी आला. पोक्त माणूस, सोनगीरकर नाव बिल्ल्यावर. मी सगळं सांगितलं, होल्डॉल, हार, फळी, फलाट. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, बुऱ्हाणपूरचे का? तिथला तो निंबा म्हणे राज्याच्या टीममध्ये गेला. पेपरात होतं. तुम्ही ओळखता?

माझ्याकडे दोन पानांचं भाषण होतं. पहिलं पान पूर्ण पाठ होतं.

मी म्हणालो, हो. आत्ताच त्याचा होल्डॉल मी गाडीत ठेवला.

सोनगीरकर म्हणाला, काय सांगता! आणि बाकावरची त्याची पिशवी उचलून मला बसायला जागा केली. परतीची पॅसेंजर दीड तास लेट आहे.